होई आनमधला आग्रह

शोभनाताईंच्या माहेरी पहिल्या विचारण्याला "हो" म्हणणं हा हावरटपणा समजला जाई. कुणी चहा विचारला की आधी "नको, आत्ताच झाला" म्हणायचं. समोरच्यानं "अर्धा कप तरी" म्हणायचं, आपण "कशाला उगाच त्रास" म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा कप हातातच आला की "तुम्ही काही ऐकायच्या नाही" असं म्हणत घ्यायचा. घरून चहाचा घोटही न घेता निघालेलं असलं तरी क्रम हाच. सासरी सांगलीलाही हीच रीत होती, त्यामुळे अडुसष्ट वर्षं हा व्यवहार कुठे अडला नाही. अडला तो डब्लिनजवळच्या सिटीवेस्टमध्ये, आणि तोही पोटच्या मुलाच्या स्वयंपाकघरात.

जानेवारीतला रविवार होता. राजस आणि अपूर्वा पोहे खात बसले होते, नात ईशा वर तिच्या खोलीत होती. शोभनाताईंनी कढईतले उरलेले पोहे डब्यात काढता काढता सहज बोलल्यासारखं केलं.

"ईशा आता दहा वर्षांची झाली. शाळेतून एकटी येते, किल्ली लावते, टोस्ट करून खाते. माझं आता इथे काय काम? मी म्हणते, सांगलीला जावं. कायमचंच."

सांगलीला त्यांचं होतं काय? एक बंद फ्लॅट आणि दोन गल्ल्या सोडून राहणारी धाकटी बहीण सुलेखा. जायची त्यांना काडीचीही इच्छा नव्हती. हे वाक्य नुसतं टाकून बघायचं होतं. त्यावर मुलानं "वेड लागलंय का आई तुला" म्हणायचं, सुनेनं "आम्ही नाही जाऊ देणार" म्हणायचं, आपण थोडे आढेवेढे घ्यायचे आणि विषय मिटवून दुसरा चहा टाकायचा. मनाशी सगळं ठरलेलं होतं.

राजसनं मान वर केली आणि फार प्रेमानं म्हणाला, "ओके आई. तुला जे बरं वाटेल ते. आम्ही अजिबात फोर्स नाही करणार."

अपूर्वाचा चमचा मधेच थांबला. तिनं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुमची इच्छा असेल तसं करू, आई."

झालं. एवढ्यात निकाल लागला. शोभनाताई झारा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. आता "मी आपलं म्हणून बघितलं" असं म्हणायचं म्हणजे नाकच कापून घेणं. त्यांनी डब्याला झाकण लावलं आणि तो आत ठेवून दिला. पोह्यांचा डबा फ्रिजऐवजी भांड्यांच्या कपाटात गेलाय हे त्यांच्या संध्याकाळी लक्षात आलं.

राजसचा राग येत होता, पण त्याचा तरी काय दोष? आग्रह करणं हे नेहमी घरातल्या बायकांचं खातं. तो लहानपणापासून नुसता आग्रहाचे लाडू खात आला होता, करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नाही. अपूर्वा ठाण्याची. तिची आई नोकरी करणारी, तिच्याकडे "हवं तर घे, नको तर तसं सांग" असा सडेतोड कारभार. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला ती सांगलीला आली तेव्हा "अजून एक करंजी?" या प्रश्नाला पहिल्याच फटक्यात "हो, चालेल" म्हणाली होती. सगळ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. शोभनाताईंना मात्र ती तेव्हाच आवडली होती, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

शेजारच्या मॉरीनला मात्र सगळं न सांगता कळलं. या बाबतीत आयरिश माणसं थेट सांगलीची. मॉरीन सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा घरी आली आणि चहा विचारल्यावर "नो नो, आय'म ग्रँड" म्हणाली, तेव्हा शोभनाताईंनी ओळखून सरळ किटली लावली होती. तिसऱ्या विचारण्याला बाईंनी दोन कप चहा आणि चार शंकरपाळे संपवले. तेव्हापासून दोघींचं जमलं. सांगलीला परत जातेय असं शोभनाताईंनी आपल्या कामचलाऊ इंग्रजीत सांगितलं तेव्हा मॉरीननं कप खाली ठेवून विचारलं, "अँड डिड दे नॉट आस्क यू टू स्टे?"

"नो," शोभनाताई म्हणाल्या.

"नॉट इव्हन द वन्स?" मॉरीननं तोंडावर हात ठेवला. "ओह, गॉड लव्ह यू."

महिनाभरानं राजसनं घोषणा केली. ईस्टरच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून व्हिएतनामला जायचं. होई आन नावाचं समुद्राकाठचं जुनं गाव आहे, शेकडो वर्षांपूर्वी तिथे चिनी आणि जपानी व्यापारी यायचे, आता गाव जसंच्या तसं राखलंय. तिथे घरगुती मुक्काम करायचा. हे बघ, ते बघ करत पळायचं नाही, नुसता आराम. आणि शेवटी तिथून जवळच्या विमानतळावरून आई मुंबईला जाईल, हे तिघं डब्लिनला परततील.

"आई, तू सहा वर्षांत एक दिवस बसली नाहीयेस," तो म्हणाला. "धिस इज फॉर यू."

शोभनाताईंनी मुलींच्या शाळेत हेडक्लार्क म्हणून तीस वर्षं काढली होती. निवृत्त होणाऱ्या किती शिक्षिकांचे निरोप समारंभ त्यांनी स्वतः उभे केले होते. शाल आणायची, नारळ आणायचा, "संस्था तुमची सदैव ऋणी राहील" म्हणायचं, बटाटेवडा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसवायचं. समारंभ कसा ओळखावा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

होई आन मात्र गुणाचं निघालं. हे कबूल करायला त्यांना दोन दिवस लागले, पण केलं. भातशेतीच्या कडेला पिवळ्या भिंतींचं घर होतं, दारात बोगनवेल, समोर पाण्यात बसलेली एक निवांत म्हैस. गावात सगळीकडे कौलारू दुकानं आणि दोरीवर टांगलेले रंगीत कंदील. सकाळी गाड्यांना आत मज्जाव, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध चाललं तरी कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. आयर्लंडच्या गारठ्यानं धरलेले गुडघे तिथल्या उन्हात सुटले. समुद्राच्या कोमट पाण्यात घोट्यापर्यंत उभं राहून शोभनाताईंनी टोपल्यासारख्या गोल होड्या पाहिल्या आणि नवऱ्याची आठवण आली. विलासरावांना पोहता येत नव्हतं, पण होडीत बसायला नेहमी पुढे.

त्रास एकाच गोष्टीचा होता. कुणी त्यांना कशाला हात लावू देत नव्हतं. त्या कप उचलायला गेल्या की राजस "आई, बस" म्हणायचा. ईशाचे केस विंचरायला गेल्या तर ईशा म्हणायची, "आजी, यू'र ऑन होलिडेज, आय'ल डू इट मायसेल्फ." आणि वर थँक्यू. पाण्याची बाटली दिली, थँक्यू. टोपी दिली, थँक्यू. एके संध्याकाळी गावातल्या जुन्या जपानी पुलाजवळ उभं राहून पाठ केल्यासारखं "थँक यू फॉर मायंडिंग मी ऑल द टाइम, आजी" असे सांभाळल्याबद्दलचे आभारही मानून झाले. कुणी पढवलंय हे उघड होतं.

"घरात कोण कुणाला थँक्यू म्हणतं गं?" शोभनाताई तडकल्या. "बसच्या ड्रायव्हरला म्हण. मी काय ड्रायव्हर आहे?"

ईशा हिरमुसली आणि शोभनाताईंना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी तिला फणसाच्या वाळवलेल्या गऱ्यांचं पाकीट घेऊन दिलं आणि स्वतःही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी राजस शिंप्याच्या दुकानातून एक पुडकं घेऊन आला. आत मोतिया रंगाची रेशमी शाल होती, काठावर बारीक कमळं. त्यानं ती समुद्रकिनाऱ्यावरच आईच्या खांद्यावर पांघरली. शाल सुरेख होती यात वाद नाही. पण तेवढ्यात पलीकडून एका मुलीनं ट्रेमधून हिरवंगार शहाळं आणून शोभनाताईंच्या पुढ्यात ठेवलं, आणि त्यांचा धीर सुटला.

"शाल झाली, नारळही आला," त्या म्हणाल्या. "आता भाषण कोण करणार आहे?"

"म्हणजे?" राजसनं विचारलं. त्याला खरोखरच काही कळलं नव्हतं. अपूर्वा मात्र हातातलं पुस्तक मिटून सासूकडे बघत राहिली.

त्या संध्याकाळी घराच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना आपल्यासोबत जेवायला बसवलं. त्यांचं नाव लिएन, वय शोभनाताईंच्याच आसपास, इंग्रजी मोजून दहा शब्द. शोभनाताई शाकाहारी म्हणून त्यांच्यासाठी वेगळं केलं होतं: लसूण घातलेली पालेभाजी, गवती चहाच्या वासाचं टोफू आणि हळद घातलेलं कुरकुरीत घावन. लिएनबाईंनी आपल्या चॉपस्टिक्सनी घावनाचा मोठा तुकडा उचलून शोभनाताईंच्या वाटीत ठेवला.

"नको नको, बास," म्हणत शोभनाताईंनी वाटीवर हात आडवा धरला.

लिएनबाईंनी तो हात हळूच बाजूला केला आणि दुसरा तुकडा ठेवला. शोभनाताईंनी मान हलवली. लिएनबाईंनीही मान हलवली, पण ती दुसऱ्या अर्थानं, आणि भाजी वाढली. तिसऱ्यांदा टोफू आलं. आपल्याकडची एखादी वन्स पंगतीत समोर येऊन उभी राहावी तशा त्या बाई वाडगं घेऊन उभ्या होत्या, हटायला तयार नाहीत.

"आई, नको असेल तर राहू दे की," राजस म्हणाला. "शी वोन्ट माइंड."

"शी सेड नो, लाइक," ईशानं दुजोरा दिला.

शोभनाताईंना एकदम भरून आलं. भाषा येत नाही, ओळख नाही, चार दिवसांनी आपण कुणाच्या कोण, आणि ही बाई आपलं "नको" मानायला तयार नाही. त्यांनी वाटीत तोंड खुपसून सगळं संपवलं. घावन खमंग होतं. डोळे पुसायला शालीचा पदर कामी आला आणि तिखट लागलं असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली. भाजीत मिरची नव्हतीच. अपूर्वानं स्वतःच्या ताटातली तीच भाजी पुन्हा एकदा खाऊन पाहिली.

शेवटच्या दिवशी दुपारी राजस आणि ईशा सायकली घेऊन नदीकडे गेले. शोभनाताई वरच्या व्हरांड्यात बॅग उघडून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी विमान. मनात एकच गोष्ट घोळत होती, की आता वेळ संपली. विमानात बसल्यावर कुणी "थांब" म्हणत नाही. मग आपण सांगलीच्या फ्लॅटमध्ये, सुलेखा आली तर चार गप्पा, नाही तर टीव्ही, आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का". या मुलांनी काही वाईट केलं नव्हतं. म्हणूनच तर कुणाशी भांडताही येत नव्हतं.

अपूर्वा लिंबू सरबताचे दोन ग्लास घेऊन वर आली आणि जमिनीवरच बसली.

"आई, एक विचारू? जानेवारीत तुम्ही सांगलीला जाते म्हणालात. तेव्हा आम्ही 'नको' म्हणावं असं तुम्हाला वाटत होतं का?"

"छे गं, काहीतरीच तुझं," शोभनाताई म्हणाल्या. जीभ अडुसष्ट वर्षांच्या सवयीनं आपली आपण चालली.

"काल लिएनलाही तुम्ही असंच म्हणालात. तीन वेळा. आणि मग सगळं संपवलंत."

शोभनाताईंनी घडी घातलेलं पोलकं पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली. काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण राहवलं नाही.

"एकदा तरी म्हणायचंस गं, राहा म्हणून," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नसतं एखाद्या वेळेस. पण म्हणायचंस."

अपूर्वाचे डोळे भरले. "कुठल्या तोंडानं म्हणणार होते, आई? तुम्ही आलात तेव्हा बाबांना जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. आम्ही तुम्हाला बसून रडायलाही वेळ दिला नाही. विमानातून उतरलात आणि दुसऱ्या सकाळी पावसात ईशाला शाळेत सोडायला गेलात. माझी नोकरी, प्रमोशन, सगळं तुम्ही घर धरून ठेवलंत म्हणून झालं. ईशा इंग्लिशमध्ये उत्तरं देते, पण तुमचं सगळं तिला कळतं, ते काय मी शिकवलं? तुम्ही जाते म्हणालात तेव्हा मला वाटलं, सुटल्या एकदाच्या. आता थांबा म्हणणं म्हणजे परत स्वतःचाच स्वार्थ. सोमवारी मी लुआस ट्राममध्ये रडत ऑफिसला गेले, खरंच. समोरच्या बाईनं टिश्यू दिला. ही ट्रिप, शाल, ईशाचं थँक्यू, सगळं त्यासाठी होतं. मला दुसरं काही सुचलं नाही."

शोभनाताई ऐकत होत्या. तीन महिने मनात जो समारंभ चालला होता, त्यातली शाल, नारळ, भाषण सगळं एकाएकी भलत्याच रंगाचं दिसायला लागलं. आपण किती उलटं वाचलं!

"रडायला वेळ दिला नाहीत हेच तर बरं केलंत," त्या म्हणाल्या. "हे गेल्यावर सांगलीच्या घरात मी रोज दोन ताटं घेत होते आणि एक परत ठेवत होते. सकाळी उठायचं कशाला तेच कळत नव्हतं. तुझा फोन आला तेव्हा मला कुणीतरी हात देऊन वर काढल्यासारखं झालं. ईशा माझं बोट धरून शाळेत गेली असं तुम्ही समजता. मी तिचं बोट धरून गेले गं. उपकार तुमचे आहेत माझ्यावर. मी पण कधी बोलले नाही."

खाली कुठेतरी लिएनबाई भांडी घासत होत्या.

"पण आई, एक खरं सांगू?" अपूर्वा म्हणाली. "आम्हाला आता तुमची गरज नाहीये."

शोभनाताईंचे हात थांबले. एवढं बोलणं झाल्यावर शेवटी हेच ऐकायचं होतं का, असं त्यांना वाटून गेलं.

"ईशा एकटी येते, एकटी राहते. मी दोन दिवस घरून काम करते. राजस पोळ्या करतो, कशा का होईनात, पोटात जातात. तुम्हाला बोलवायला माझ्याकडे आता एकही कारण नाही. म्हणून विचारतेय." अपूर्वानं त्यांच्या हातातलं पोलकं काढून घेतलं. "काहीही काम नसताना राहाल आमच्याकडे? सांगलीला जा, सुलेखामावशींकडे मनसोक्त राहा, आणि उन्हाळ्यानंतर ईशाची शाळा सुरू व्हायच्या आत परत या. काही करायला नाही. नुसत्या आम्हाला हव्यात म्हणून या."

आयुष्यभर शोभनाताईंना बोलावणी आली होती. कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या आजारपणात, लग्नघरी लाडू वळायला. आयर्लंडलाही त्या नात सांभाळायला आल्या होत्या. कामावाचून कुणी बोलावल्याचं त्यांना आठवेना. आई होती तेव्हा कधी बोलावलं असेल, तेवढंच.

"येईन," त्या म्हणाल्या.

अपूर्वा आणखी बरंच काही बोलायच्या तयारीत होती. तिनं उघडलेलं तोंड तसंच राहिलं, मग ती हसली आणि हसता हसता तिनं सासूच्या मांडीवर डोकं टेकलं. शोभनाताई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. बॅग अर्धी भरायची होती, सरबत कोमट होत होतं, आणि त्यांना उठावंसं वाटत नव्हतं.